बारा महिने ओला खोकला: सिलियांची हालचाल बिघडते तेव्हा

पूर्ण दिवसांचं बाळ, वजन तीन किलोच्या घरात, जन्मल्याबरोबर खणखणीत रडलेलं. घरचे पेढे वाटून मोकळे झालेले. आणि मग बारा-अठरा तासांनी नर्सच्या लक्षात येतं की बाळाचा श्वास भराभर चाललाय, नाकपुड्या फुलताहेत, बरगड्यांमधली कातडी आत खेचली जातेय. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात जातं, ऑक्सिजन लागतो. ‘छातीत पाणी राहिलंय’ किंवा ‘न्यूमोनिया आहे’ असं सांगितलं जातं. काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी बाळ घरी येतं, पण नाक चोंदलेलंच. वर्षाचं व्हायच्या आत खोकला सुरू होतो, छातीत कफ खुळखुळणारा ओला खोकला. तो पावसाळ्यात असतो, थंडीत असतो आणि मे महिन्यातही असतो.

जन्मानंतर श्वासाचा त्रास झालेली बहुतेक बाळं पुढे ठणठणीत बरी होतात. पण ज्यांचं नाक आणि छाती त्यानंतर एकही महिना मोकळी राहत नाही, त्यांच्यापैकी काहींच्या आजाराचं मूळ श्वासनलिकेच्या अस्तरावर असतं. तिथल्या अतिसूक्ष्म केसांची, म्हणजे सिलियांची हालचाल जन्मापासूनच चुकलेली असते. या आजाराला प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया म्हणतात, थोडक्यात पीसीडी. मी मुंबईत श्वसनविकारांची फिजिओथेरपी करते. पीसीडीची मुलं माझ्यापर्यंत येतात तेव्हा त्यांच्या फुप्फुसाचा काही भाग बऱ्याचदा कायमचा बिघडलेला असतो. हा उशीर टाळता येण्यासारखा असतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सिलिया करतात काय?

शाळेच्या पुस्तकात यांना पक्ष्माभिका म्हणतात. डॉक्टर आणि पालक सिलिया म्हणतात, मीही तेच म्हणेन. नाक, सायनस, कानाचा मधला भाग, श्वासनलिका आणि तिच्या फांद्या यांच्या आतल्या पेशींवर सिलिया असतात. एका पेशीवर साधारण २००. लांबी सहा-सात मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरचा केस जेवढा जाड असतो त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी. त्यांच्यावर चिकट कफाचा पातळ थर पसरलेला असतो आणि त्या थराखाली पाण्यासारखा द्रव. आपण श्वासाबरोबर घेतलेली धूळ, काजळी, जंतू त्या चिकट थरात अडकतात आणि सिलिया तो थर घशाकडे ढकलत राहतात. घशाशी आलेला कफ आपण नकळत गिळतो. निरोगी माणसात हे रात्रंदिवस चालू असतं आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

एक सिलिया सेकंदाला दहा ते पंधरा वेळा हलते. या हलण्याचे दोन भाग असतात. आधी ती ताठ होऊन पुढे झेपावते, तिचं टोक वरच्या चिकट थराला लागतं आणि तो थर पुढे सरकतो. मग ती वाकून, खालच्या पातळ द्रवातून, कफाला न अडकता मागे येते. मागे येताना वाकली नाही तर पुढे ढकललेलं सगळं पुन्हा मागे येईल.

आणि हे एकट्या सिलियाचं काम नाही. जिथे काँक्रीटचा पंप पोचत नाही अशा गल्लीत स्लॅब पडताना पाहिला असेल तर आठवा. मिक्सरपासून वरच्या मजल्यापर्यंत मजुरांची रांग लागलेली असते आणि घमेलं हातोहात वर जातं. घमेलं घेऊन जिना कुणी चढत नाही, जो तो आपल्या जागी उभा. एकाचं देणं आणि दुसऱ्याचं घेणं यांची लय जुळलेली असते म्हणून माल वर पोचतो. रांगेतल्या सगळ्यांचे हात जोरजोरात हलताहेत, पण घमेलं शेजाऱ्याच्या हातात पडतच नाही, अशी स्थिती झाली तर? हात हलताहेत म्हणून काम चाललंय असं म्हणता येईल का? पीसीडी समजून घ्यायचा तर हा प्रश्न लक्षात ठेवावा लागतो, कारण या आजारात सिलिया नेहमीच निपचित पडलेल्या नसतात. पुष्कळ वेळा त्या हलत असतात, पण त्या हलण्यानं कफ जागचा सरकत नाही.

हालचाल किती प्रकारांनी बिघडते

सिलियाचा आडवा छेद इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला तर कडेनं सूक्ष्म नळ्यांच्या नऊ जोड्या आणि मधोमध दोन सुट्या नळ्या दिसतात. कडेच्या प्रत्येक जोडीला शेजारच्या जोडीच्या दिशेनं निघालेले छोटे हात असतात, एक बाहेरच्या बाजूला आणि एक आतल्या बाजूला. हे हात डायनीन नावाच्या प्रथिनाचे असतात. १९६५ मध्ये इयन गिबन्स या शास्त्रज्ञानं या प्रथिनाला हे नाव दिलं. पेशीकडून मिळालेली ऊर्जा वापरून हे हात शेजारच्या जोडीला सरकवू पाहतात. जोड्या एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे त्या सरकून सुटत नाहीत, तर सगळी सिलिया वाकते.

या रचनेतलं प्रत्येक प्रथिन बनवायचं तर त्याचं जनुक शाबूत हवं. पीसीडीला कारणीभूत ठरणारी पन्नासहून जास्त जनुकं आतापर्यंत सापडली आहेत आणि कुठलं जनुक बिघडलं यावर हालचाल कशी बिघडणार हे ठरतं.

डीएनएएच५ हे जनुक बिघडलं तर डायनीनचे बाहेरचे हात बनत नाहीत. असे रुग्ण सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी आहेत. त्यांच्या सिलिया जवळपास स्थिर असतात, फार तर जागच्या जागी थरथरतात. सीसीडीसी३९ आणि सीसीडीसी४० या जनुकांच्या बिघाडात आतले हात तर जातातच, शिवाय नळ्यांची मांडणीही विस्कटते आणि सिलिया ताठ राहतात. या गटातल्या मुलांची फुप्फुसं इतरांपेक्षा लवकर बिघडतात असं दिसून आलंय. मधल्या दोन नळ्यांत किंवा त्यांना कडेच्या जोड्यांशी जोडणाऱ्या आऱ्यांत दोष असेल तर सिलिया पुढे-मागे न हलता गोल गोल फिरते. फिरते मस्त, पण कफ तिथेच. सीसीएनओ नावाच्या जनुकात दोष असेल तर पेशीवर सिलिया उगवतातच मोजक्या.

सगळ्यात फसवा प्रकार डीएनएएच११ या जनुकाचा. यात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली नऊ जोड्या, मधल्या दोन नळ्या, डायनीनचे हात, सगळं जागच्या जागी दिसतं. सिलिया हलतातही, कित्येकदा नेहमीपेक्षा जलद. पण त्या नीट वाकत नाहीत, ताठपणे थोड्याशाच अंतरात फडफडतात. अशा मुलाचा रिपोर्ट ‘रचना नॉर्मल’ म्हणून येतो आणि त्या एका शब्दावर शोध थांबतो. पीसीडीच्या सुमारे तीस टक्के रुग्णांत रचना अशी नॉर्मल दिसते. म्हणून मी पालकांना सांगते की एका चाचणीनं ‘नाही’ म्हटलं आणि मुलाची छाती ‘आहे’ म्हणत असेल, तर छातीचं ऐका.

हृदय उजवीकडे कसं गेलं?

एक्स-रेची फिल्म लाइट बॉक्सवर लागते आणि हृदयाची सावली उजवीकडे दिसते. पहिली शंका येते ती फिल्म उलटी लावल्याची. मग कोपऱ्यातली डाव्या-उजव्याची खूण बघितली जाते, आणि फिल्म बरोबर असते. पीसीडीच्या साधारण निम्म्या रुग्णांत हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, पोटातले सगळे अवयव आरशात पाहिल्यासारखे उलट बाजूला असतात. यानं सहसा काही त्रास होत नाही. फक्त अशा व्यक्तीला अपेंडिक्सचं दुखणं डाव्या बाजूला होऊ शकतं, हे घरच्यांना आणि डॉक्टरांना माहीत असलेलं बरं. मात्र थोड्या रुग्णांत अवयव पूर्ण उलटे न होता अर्धवट सरमिसळ झालेले असतात आणि त्यांच्यात जन्मजात हृदयविकार आढळतो. अशा मुलांच्या हृदयाची सोनोग्राफी आवर्जून करावी.

उलटं हृदय, सायनसचा जुनाट त्रास आणि रुंदावलेल्या श्वासनलिका ही तिन्ही लक्षणं एकत्र असलेले रुग्ण झुरिकच्या मानेस कार्टागेनर यांनी १९३३ मध्ये नोंदवले. त्याआधी १९०४ मध्ये झीवर्ट यांनीही असा रुग्ण नोंदवला होता. आजही उलट्या अवयवांसह असलेल्या पीसीडीला कार्टागेनर सिंड्रोम म्हणतात. पण नाक, छाती आणि हृदयाची बाजू यांचा आपसात संबंध काय, हे पुढे चाळीसेक वर्षं कुणाला उलगडलं नाही.

ते उलगडलं शुक्रजंतूंमुळे. स्टॉकहोमचे ब्योर्न आफझेलियस मूल न होणाऱ्या पुरुषांचे शुक्रजंतू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासत होते. काहींचे शुक्रजंतू जिवंत होते, पण पोहत नव्हते, आणि त्यांच्या शेपटीत डायनीनचे हात नव्हते. शुक्रजंतूची शेपटी आणि श्वासनलिकेतली सिलिया आतून एकाच धाटणीच्या असतात. या पुरुषांना लहानपणापासून सर्दी-खोकला होता आणि काहींचं हृदय उजवीकडे होतं. १९७६ मध्ये आफझेलियस यांनी हे सगळं एकत्र मांडलं आणि एक धाडसी तर्क केला: गर्भातही कुठेतरी सिलिया हलत असणार आणि डावं-उजवं त्याच ठरवत असणार.

तर्क खरा निघाला. गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असताना त्यावर एक छोटासा खळगा असतो. त्यातल्या सिलिया गोल फिरतात आणि द्रवाचा डावीकडे जाणारा प्रवाह तयार करतात. जपानी शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये उंदराच्या गर्भात दाखवून दिलं की या सिलियाच नसतील तर प्रवाह होत नाही आणि अवयवांची बाजू कशीही ठरते. म्हणून निम्म्यांचं हृदय डावीकडे आणि निम्म्यांचं उजवीकडे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाचं हृदय डावीकडे आणि दुसऱ्याचं उजवीकडे असल्याच्याही नोंदी आहेत. आणि या खळग्यातल्या सिलियांना मधल्या दोन नळ्या मुळातच नसतात! त्यामुळे ज्यांचा दोष मधल्या नळ्यांत आहे, त्यांचं हृदय नेहमीच्याच बाजूला असतं. ‘हृदय डावीकडे आहे, मग पीसीडी नाही’ हे म्हणूनच चुकीचं.

मुंबईत वाट कुठे चुकते

आपल्याकडे खोकणाऱ्या मुलाची पहिली काही वर्षं ठरलेल्या वाटेनं जातात. आधी ‘दात येताहेत’, मग ‘हवा बदलली’, मग ‘बाळदमा आहे, पंप सुरू करा’. आणि मग टीबी. मुंबईत दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी व्हायलाच हवी, त्यात चूक काहीच नाही. चूक पुढे होते. थुंकीत जंतू सापडत नाही, तरी एक्स-रेवर डाग आहे म्हणून टीबीचं औषध सुरू होतं. कोर्स संपतो, खोकला राहतो. काही वर्षांनी सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या दिसतात, म्हणजे ब्रॉन्किएक्टेसिस, आणि ‘जुन्या टीबीमुळे’ असा शेरा पडतो. भारतात ब्रॉन्किएक्टेसिसचं सर्वांत मोठं कारण खरोखर टीबीच आहे, म्हणून हा शेरा कुणाला खटकत नाही. पण टीबीचा मुक्काम बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतो आणि पीसीडीत मधले व खालचे भाग आधी बिघडतात. कानही लहानपणापासून वाहत असतील, तर जुन्या टीबीच्या शेऱ्यावर थांबू नये.

दम्याचंही तसंच. दम्याचा खोकला उचल खातो आणि बसतो, मधले दिवस मूल छान असतं, पंपानं उतार पडतो. पीसीडीच्या मुलाला असे मोकळे दिवस मिळतच नाहीत.

खरी अडचण ही की आजाराचे तुकडे वेगवेगळ्या खोल्यांत पडलेले असतात. जन्मानंतरचा ऑक्सिजन प्रसूतिगृहाच्या कागदावर, कानाचा चिकट द्रव कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, खोकला बालरोगतज्ज्ञांकडे, उलटं हृदय एखाद्या जुन्या एक्स-रेवर. महापालिकेच्या रुग्णालयात दर खेपेला नवा केसपेपर निघतो आणि मागची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. डॉक्टरांसमोर शंभर माणसांची रांग असताना नऊ वर्षांपूर्वीचा एनआयसीयू कुणाला आठवणार? म्हणून आईवडिलांनीच एक फाईल करावी आणि तिच्या पहिल्या पानावर चार प्रश्नांची उत्तरं लिहावीत. पूर्ण दिवसांचं असूनही बाळाला जन्मानंतर ऑक्सिजनवर ठेवावं लागलं का? ओला खोकला पहिल्या वर्षापासून आणि बारा महिने आहे का? नाक पहिल्या सहा महिन्यांपासून कायम चोंदलेलं किंवा वाहतं आहे का? हृदय किंवा पोटातला कुठला अवयव उलट बाजूला आहे का? यातल्या दोन प्रश्नांना ‘हो’ असेल तरी ‘पीसीडी असू शकेल का?’ असं डॉक्टरांना थेट विचारावं. असं विचारण्यात त्यांचा अपमान होत नाही.

तपासण्या

पूर्वी सॅकरिनची चाचणी होत असे. नाकात, आतल्या मांसल उंचवट्यावर सॅकरिनचा कण ठेवायचा आणि घशाशी गोड चव कधी येते ते पाहायचं. सिलिया चालू असतील तर सहसा अर्ध्या तासाच्या आत चव येते. कल्पना सुंदर, पण शिंकल्याशिवाय, नाक ओढल्याशिवाय अर्धा-पाऊण तास बसून राहणं लहान मुलाला जमत नाही. आता निदान या चाचणीवर ठरवत नाहीत.

आता पाच वर्षांवरच्या मुलांत नाकातल्या हवेतला नायट्रिक ऑक्साइड हा वायू मोजतात. पीसीडीत तो फार कमी असतो. सिस्टिक फायब्रोसिस या वेगळ्या आजारातही तो कमी असू शकतो, म्हणून घामाची चाचणी करून तो आजार आधी बाजूला काढतात.

दुसरी तपासणी सिलिया प्रत्यक्ष पाहण्याची. दातांच्या फटीत घालायचा ब्रश असतो तेवढासा ब्रश नाकपुडीत घालून, त्याच मांसल उंचवट्यावर दोन-तीन वेळा फिरवून बाहेर काढतात. भूल लागत नाही, काही सेकंदांचं काम. मुलाच्या डोळ्यांत पाणी येतं, शिंक येते, कधी रक्ताचा एखादा थेंब. ब्रशवरच्या पेशी द्रवात झटकतात, मायक्रोस्कोपखाली ठेवतात आणि सेकंदाला शेकडो चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं हालचाल टिपून ती सावकाश पाहतात. ताठ थरथर, गोल फिरणं, अपुरं वाकणं, सगळं तिथे दिसतं. नमुना देताना मुलाला ताजी सर्दी नको. विषाणूमुळे चांगल्या सिलियाही काही आठवडे बिघडतात किंवा झडतात आणि रिपोर्ट दिशाभूल करतो. (फ्लू बरा झाल्यावरही खोकला रेंगाळतो तो याचमुळे, सिगारेटच्या धुरानंही सिलिया अशाच मंदावतात. हे नंतर झालेले बिघाड आहेत, जन्मजात नव्हेत.)

ही यंत्रणा देशात मोजक्या ठिकाणीच आहे. त्यामानानं रक्ताच्या नमुन्यावरून होणारी जनुकीय तपासणी मुंबईत सहज करता येते, कारण नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. तिच्यात दोष सापडला तर निदान पक्कं, आणि नाही सापडला तरी पीसीडी नाही असं ठरत नाही.

जिवंत, पण न पोहणारे

पुरुषांविषयी थोडं वेगळं लिहायला हवं. लग्नाला काही वर्षं झाली, मूल नाही, की आपल्या घरांत तपासण्या आधी बाईच्या सुरू होतात. नवऱ्याचा वीर्याचा रिपोर्ट निघतो तोवर तिचं बरंच ऐकून झालेलं असतं. त्या रिपोर्टात शुक्रजंतूंची हालचाल शून्य असेल, तर ते मेलेले आहेत की जिवंत असून हलत नाहीत, हे वेगळ्या रंगचाचणीनं कळतं. जिवंत असून हलत नसतील तर त्या माणसाला विचारायला हवं: लहानपणापासून खोकला आहे का? नाक कायम चोंदलेलं असतं का? कान फुटायचे का? पीसीडीचं निदान तिशी-पस्तिशीत असं होऊ शकतं, आणि तेव्हा कळतं की रोज सकाळी बेसिनपाशी होणारी खोकल्याची उबळ हा आजार होता. पीसीडीच्या सगळ्याच पुरुषांना ही अडचण येते असं नाही, ते जनुकावर अवलंबून असतं. आणि अडचण असली तरी एक शुक्रजंतू थेट बीजात सोडण्याच्या तंत्रानं, म्हणजे इक्सीनं, मूल होऊ शकतं. पीसीडी असलेल्या अनेक स्त्रियांना नैसर्गिकरीत्या मुलं होतात. पण गर्भनलिकेतही सिलिया असतात, त्यामुळे गर्भ नलिकेतच रुजण्याचा धोका लक्षात घेऊन दिवस राहिल्यावर सोनोग्राफी लवकर करून घ्यावी.

उपचार, म्हणजे रोजचं काम

सिलिया दुरुस्त करणारं औषध आज नाही. पण सिलिया चालत नसल्या तरी श्वासाचा झोत आणि खोकला या दोन्ही गोष्टी शाबूत असतात. म्हणून या मुलांचा खोकला दाबायचा नाही. दुकानातून आणलेलं खोकला थांबवणारं औषध त्यांना देणं म्हणजे कफ बाहेर पडण्याचा उरलेला एकमेव रस्ता बंद करणं. लोकलमध्ये, वर्गात लोक अशा मुलाकडे वळून बघतात, सरकून बसतात. त्याला खोकू द्या. वर्गशिक्षकांना लेखी कळवा की हा खोकला संसर्गाचा नाही आणि त्याला मधे उठून बाहेर जाण्याची मुभा हवी.

घरी सकाळ-संध्याकाळ छाती मोकळी करायची, तीही जेवणाआधी, नाहीतर उलटी होते. आधी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझेशन, मग श्वासाचे व्यायाम. मूल ताठ बसतं. आधी काही शांत श्वास, खांदे सैल. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक श्वास आत घेऊन तीन सेकंद थांबायचं, म्हणजे हवा कफाच्या मागे पोचते. मग तोंड गोल उघडं ठेवून, पोट आत घेत ‘हाऽऽ’ असा श्वास जोरानं सोडायचा. आधी लांब आणि बेताचा, कफ वर आल्यासारखा वाटला की आखूड आणि जोराचा. शेवटी एक-दोनदाच खोकायचं आणि कफ थुंकायचा. पुन्हा शांत श्वासापासून सुरुवात. लहान मुलांसाठी बाटलीत दहा सेंटिमीटर पाणी घेऊन त्यात नळीनं बुडबुडे काढायला लावतो. फुंकताना तयार होणाऱ्या दाबामुळे बारीक श्वासनलिका उघड्या राहतात आणि मुलाला तो खेळ वाटतो. पाणी, बाटली, नळी रोज स्वच्छ हवी, हे मात्र कटाक्षानं पाळा; ओलसर नळीत जंतू वाढतात आणि ते थेट छातीत जातात.

एका खोलीच्या घरात, सातची शाळा गाठायची असताना हे सगळं करणं किती अवघड आहे हे मला ठाऊक आहे. ज्या दिवशी वेळ कमी असेल त्या दिवशी निदान पळवा. पळणं, दोरीच्या उड्या, पोहणं यांनी श्वास खोल होतो आणि कफ सुटतो. या मुलांना ‘दमशील, बस’ म्हणून खेळापासून दूर ठेवणं हे मला सगळ्यात जास्त खटकतं. घरात मच्छरांची कॉईल, धुपाचा धूर आणि विडी-सिगारेट बंदच हवी. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी मूल खिडकीपासून लांब असू दे. आत गेलेला कण बाहेर आणायला त्याच्याकडे फक्त खोकला आहे.

साधारण दर तीन महिन्यांनी फुंकण्याची चाचणी आणि थुंकीची कल्चर तपासणी व्हावी. थुंकीत स्यूडोमोनास हा जंतू आला तर तो मुक्काम ठोकायच्या आत औषधं सुरू करावी लागतात. छातीचा त्रास वाढला, कफाचा रंग बदलला, की अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण आणि पुरेसा लांब द्यावा लागतो. अझिथ्रोमायसिन कमी मात्रेत सहा महिने दिल्यावर छाती बिघडण्याचे प्रसंग निम्म्यावर येतात, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत दिसलं. पण हा निर्णय डॉक्टरांचाच. आपल्याकडे टीबी आणि त्याच्या जातीचे इतर जंतू आहेत का हे आधी पाहावं लागतं आणि हृदयाचा आलेखही. लसी सगळ्या, फ्लूची दर वर्षी.

कान विसरू नका. कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साचून राहतो, मुलाला कमी ऐकू येतं, बोलायला उशीर होतो, आणि शाळेत ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मिळतो. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवण तपासणी होते. पडद्यात नळी बसवण्याचं ऑपरेशन करायचं का, हे पीसीडीत नीट विचार करून ठरवावं, कारण नळीनंतर कान महिनोन्‌महिने वाहत राहण्याचा त्रास या मुलांत जास्त होतो. काही वर्षं श्रवणयंत्र लावणं हा चांगला पर्याय असू शकतो. वय वाढेल तसं ऐकणं बहुधा सुधारतं.

घरातले बाकीचे

पीसीडी बहुतेक वेळा दोन्ही पालकांकडून जनुकाची एकेक सदोष प्रत आल्यावरच होतो. एकच सदोष प्रत असलेले आईवडील स्वतः ठणठणीत असतात. जनुकांच्या माहितीसाठ्यांवरून २०२२ मध्ये केलेल्या अंदाजानुसार जगात किमान साडेसात हजारांत एकाला हा आजार असतो. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या दक्षिण आशियाई कुटुंबांत, जिथे नात्यात लग्नं होतात, तिथे २०१० च्या अभ्यासात हे प्रमाण २,२६५ मध्ये एक इतकं निघालं. आपल्याकडेही अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. आजी-आजोबा सामाईक असले की तीच सदोष प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. यात दोष कुणाचाच नाही, आणि नात्यातलं लग्न नसलेल्या घरांतही पीसीडी होतोच. पण डॉक्टरांनी नात्याविषयी विचारलं तर संकोच न करता सांगावं, त्यानं निदान लवकर होतं.

एका मुलात आजार निघाला की त्याच आईवडिलांच्या प्रत्येक पुढच्या बाळाला तो होण्याची शक्यता चारात एक असते. आधीच्या भावंडांचीही तपासणी करावी, ज्यांचं हृदय डावीकडे आहे त्यांचीसुद्धा. मुलाचा जनुकीय रिपोर्ट जपून ठेवावा; कुठला दोष शोधायचा हे त्यावरून कळतं आणि भावंडांची तपासणी सोपी व स्वस्त होते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली निवडलेल्या केंद्रांपैकी एक परळचं केईएम रुग्णालय आहे. जनुकीय सल्ल्याची चौकशी तिथून सुरू करता येईल, आणि जाताना ती फाईल बरोबर असू द्या.